रानकांद्याची स्लाइड

वाल्मिक सरांनी मला ओळखलं नाही. भिंगारला त्यांच्या संस्थेच्या दारात मी रिक्षातून उतरले, ते स्वतः पुढे आले, हातात गुलाबाचं फूल दिलं, "या, या मॅडम, आमच्यासाठी पुण्याहून वेळ काढलात," म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे दोनदा नीट बघूनही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी ओळखलं असतं तर माझा सगळा बेत फाटकातच फसला असता. पण माझं डोकं सटकलं. बारा वर्षं ज्या माणसाला मी एक दिवस विसरले नाही, त्याने मला खुशाल विसरून जावं, हा कुठला न्याय?

हे सर दर दिवाळीच्या सुट्टीत दहावी-अकरावीच्या मुलांसाठी पंधरा दिवसांचा कोर्स घेतात. सकाळी मेंदू, दुपारी पेशी. कॉलेजात पुढे जे शिकायचं ते इथे आधीच शिका, अशी जाहिरात. लष्करातल्या अधिकाऱ्यांची मुलं येतात, नगरच्या डॉक्टरांची येतात, सुप्याच्या कंपन्यांतल्या मॅनेजरांची येतात. बाजारातल्या खाटकाकडून बोकडाचे मेंदू आणून बरण्यांत बुडवून ठेवलेले असतात. आठवण कुठे साठते, राग कुठे असतो, हे सर पट्टीने दाखवतात. रागाचं ठिकाण बदामाएवढं असतं म्हणे. माझं नारळाएवढं असणार.

हॉलमध्ये गेले आणि समोर तो फ्लेक्स. स्टेजच्या मागची अख्खी भिंत झाकलेली. जांभळट लाल रंगाची एकच पेशी, विभाजन चालू असलेली, तिच्या पोटात सुट्या सुट्या पसरलेल्या गुणसूत्रांच्या काड्या. खाली ठळक अक्षरात: 'कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन. स्लाइड व छायाचित्र: संस्कृती, वय वर्षे १६.'

ती स्लाइड माझी होती.

आता हे नीट सांगते, म्हणजे मी कशासाठी आले होते ते कळेल. मी पाथर्डी तालुक्यातली. आई-बाबा दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, राहात्याच्या बाजूला, ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. मी गावच्या हंगामी वसतिगृहात राहून अकरावी सायन्स करत होते. त्या वर्षी सरांनी दोन गरजू मुलांना फुकट प्रवेश दिला, त्यातली एक मी. पेपरात फोटो आला होता, सर मधोमध आणि आम्ही दोघं कडेला.

येताना प्रत्येकाने घरून एक कांदा आणायचा होता. पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, खाली मुळं फुटली की त्यांची टोकं कापायची, रंगवायची, काचेवर दाबायची आणि मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या. माझ्या घराला कुलूप. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बनुबाईंकडे मागितला, तर त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. दिवाळीच्या सुमाराला साठवणीच्या चाळीतला कांदा संपत आलेला असतो, तेव्हा तो पोरीला प्रयोगाला कोण देणार? मग मी शाळेमागच्या माळावर गेले आणि काठीने उकरून एक रानकांदा काढला. वरची काळी टरफलं सोलली की तो पांढऱ्या कांद्यासारखाच दिसतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि रस लागला की हाताला अशी खाज सुटते की विचारू नका. मी दोन दिवस हात ओढणीत लपवून बसले होते.

सगळ्यांना सांगितलं, आमच्या गावाकडचा पांढरा कांदा आहे. खोटं बोलले. कांदा आणायलाही ऐपत नाही, असं त्या मुलांसमोर कोण म्हणेल?

माझ्या शेजारच्या टेबलावर सरांची मुलगी संस्कृती होती. तिचा कांदा ग्लासात पार बुडाला आणि सडला. माझ्या रानकांद्याला मात्र दाढीसारखी मुळं फुटली. मी टोकं कापली, रंगवली, वर काच ठेवली आणि अंगठ्याने दाबली. आदल्या हंगामात मी आईबरोबर उसाच्या मोळ्या बांधल्या होत्या, अंगठ्याला जोर होता. एका पेशीत गुणसूत्रं अशी सुटी पसरली की एकेक मोजता यावं. मी मोजली. वीस. पुन्हा मोजली. वीसच. काही लांबलचक, काही अगदी आखूड. पुस्तकात कांद्याची सोळा लिहिलेली, सगळी साधारण एका मापाची.

आणि मी वहीत काय लिहिलं? सोळा. वीस लिहिलं तर सर विचारणार, कसला कांदा आणलास? मी सोळा लिहिलं, सरांनी मायक्रोस्कोपला डोळा न लावता खूण केली. माझ्या आयुष्यातली ती एकच चूक मला आजही डाचते.

"दे ना, पप्पांना दाखवून आणते," म्हणून संस्कृती स्लाइड घेऊन गेली. शेवटच्या दिवशी सर्वोत्कृष्ट स्लाइडचं बक्षीस जाहीर झालं. बक्षीस म्हणजे पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत महिनाभर राहून शिकण्याची संधी. जागा एकच. नाव संस्कृतीचं, पडद्यावर स्लाइड माझी.

मी तिथेच ओरडले, "ही माझी आहे!" सरांनी मला ऑफिसात नेलं. आवाज चढवला नाही, गोड बोलले, त्याचाच मला जास्त राग येतो.

"तुझी कशावरून?" ते म्हणाले. "सगळ्यांनी कांदाच आणला. प्रत्येक कांद्यात सोळाच गुणसूत्रं. तुझ्या वहीतही सोळाच लिहिलीयेत. पेशीवर काय नाव लिहिलेलं असतं का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, सर, मोजा, ती वीस आहेत. पण ते बोलले असते तर मी पंधरा दिवस खोटं बोलले हेही बाहेर आलं असतं. माझा पुरावा तोच माझा गुन्हा होता.  संस्कृती दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा राहात्याहून पहिल्या एसटीने आले. उसाच्या पाल्याने हात चिरलेले, अंगावर तोच फडातला सदरा. दाराबाहेर चपला काढल्या आणि फरशीवर उभे राहिले. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांनी बसा म्हटलं नाही. संस्कृती त्या दिवशीही दारात होती.

"तुमच्या मुलीने माझ्या मुलीवर चोरीचा आळ घेतला. हे तिच्या कॉलेजला कळवलं तर तिचं काय होईल, माहीत आहे?"

"पोरीचं चुकलं आसंल, सायेब," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. "लिही गं. सायेब म्हनत्यात ते लिही."

सरांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'मी खोटे बोलले. दुसऱ्याच्या कष्टावर हक्क सांगितला. मला पश्चात्ताप होत आहे. यापुढे असे वर्तन करणार नाही.' खाली माझी सही. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून शाईचं पॅड पुढे केलं आणि त्यांचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ तो अंगठा पायरीच्या दगडावर घासत बसले होते. एवढंच म्हणाले, "तू न्हाई खोटं बोलायची. पन त्येंच्यापुढं आपलं काय चालतंय?"

आणि मी तर खोटं बोलले होते. हे बाबांना मी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर मी गुणसूत्रं मोजण्यातच जन्म घालवायचा ठरवलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला वाल्मिक सरांचं तोंड दिसायचं, त्यामुळे झोप यायची नाही आणि अभ्यास व्हायचा. पीएचडी झाली. या वर्षी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर या कोर्सचं माहितीपत्रक पाठवलं आणि मुखपृष्ठावर माझी पेशी. मी सरांना फोन लावला. म्हटलं, मी डॉ. धनश्री दहिफळे, पुण्यात संशोधन करते, शेवटच्या दिवशी येऊन मुलांचं प्रात्यक्षिक घेईन, मानधन नको.

"दहिफळे म्हणजे पाथर्डीकडच्या का?"

"हो."

"वा, वा! आपल्याच जिल्ह्यातली मुलगी!" सर म्हणाले.

मग बाबांना फोन केला, ते आता ऊसतोडीला जात नाहीत, गावीच असतात. माळावरून एक रानकांदा काढून ठेवा, मला माती लागलेलाच हवा, आणि त्या दिवशी दुपारी भिंगारला या.

"त्यो कशाला? त्येला गुरंबी तोंड लावीत न्हाईत." मग म्हणाले, "भिंगारला म्हंजी तिथंच का?"

"तिथंच."

"तिथं मी काय करू?"

"खुर्चीवर बसायचं," मी म्हटलं.

तर असा माझा बेत होता. सकाळी प्रयोगशाळेत मुलं जमली, चाळीस-पंचेचाळीस असतील. मी पुण्याहून कांद्याची मुळं तयार करून आणली होती, गुणसूत्रं सुटी व्हावीत म्हणून औषधात भिजवलेली. मुलांनी टोकं कापली, वाटीतल्या लाल रंगात घातली, काचेवर ठेवून दाबली. मी एकच गोष्ट शिकवली: मोजा. पुस्तकात काय लिहिलंय ते विसरा आणि मोजा. कुणी पंधरा म्हणालं, त्याला पुन्हा बसवलं. एकाने न मोजता सोळा सांगितलं, त्याची मी अशी हजेरी घेतली की बिचारा रडकुंडीला आला. तो माझ्यावरचा राग होता, त्याच्यावर निघाला.

कडेच्या टेबलावर अश्विनी नावाची एक मुलगी होती, राहात्याची. एकटीच मान घालून मोजत होती. तिने मला खुणेने बोलावलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझी सोळा भरतात. पण हॉलमधल्या फ्लेक्सवर जास्त आहेत. सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी मोजली."

"किती?"

"वीस. माझंच चुकलं असेल."

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "दुपारी मी विचारीन तेव्हा मोठ्याने सांगशील?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. त्या क्षणी मला या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली.

जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला गेले, तर नळाशी संस्कृती. ती हल्ली कोर्सचा मेंदूचा भाग शिकवते. मला बघून तिचा हात नळाखाली तसाच राहिला.

"धनश्री," ती म्हणाली. "तू येणार हे पत्रिकेत वाचलं. मी पप्पांना काही बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"तू काय करणार आहेस?"

"मोजणार आहे."

तिला कळलं नाही. तिने कधी मोजलीच नव्हती. बारा वर्षं ती पेशी तिच्या नावावर भिंतीवर टांगलेली, आणि तिने एकदाही बोट ठेवून एक, दोन, तीन केलं नव्हतं.

"तेव्हा मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली.

"मीसुद्धा."

"जे काय आहे ते ऑफिसात बोलू या ना. मुलांसमोर नको. पप्पांना बीपी आहे."

"माझ्या बाबांना फरशीवर उभं केलं होतं, संस्कृती. तू दारात होतीस." मी हात पुसले आणि निघाले.

इथे मला तिची थोडी दया आली असं लिहायला हवं. आली नाही.

दुपारी हॉल पालकांनी भरला. पुढच्या तुकडीत मुलांची नावं घालायला आलेले पालकही होते. बाबा आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. दारात चपला काढायला वाकले, मी पळत गेले.

"बाबा, राहू द्या. इथे सगळे घालूनच बसलेत."

त्यांनी सगळ्यांच्या पायांकडे बघून खात्री केली. मग मी त्यांना दुसऱ्या ओळीत, स्टेजच्या अगदी समोर बसवलं. सरांची नजर त्यांच्यावरून गेली आणि पुढे निघून गेली.

सरांनी अर्धा तास भाषण केलं. मग माझी ओळख करून दिली आणि माईक माझ्या हातात दिला. पाच मिनिटं दिली होती, मुलांना प्रोत्साहनपर बोला म्हणून.

मी मागच्या फ्लेक्सकडे हात केला. "सर, आधी या सुंदर स्लाइडबद्दल तुम्हीच मुलांना सांगा ना. कशी केली, कांदा कुठला होता."

सरांना असं विचारलेलं फार आवडतं. त्यांनी माईक परत घेतला. "अहो, आमच्या घरातला साधा कांदा! स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लासावर ठेवला होता हिने. रोज सकाळी उठून मुळं बघायची. स्लाइड माझ्या डोळ्यांसमोर केली. हिला म्हटलं होतं, बाळा, निरीक्षण म्हणजे काय ते यातून शिक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. संस्कृती पहिल्या ओळीत खाली बघत होती.

"म्हणजे हा नक्की कांदाच?" मी विचारलं.

"शंभर टक्के!"

"मुलांनो, कांद्याची गुणसूत्रं किती?"

"सोळा!" चाळीस तोंडांतून एकदम आलं. सकाळीच मोजली होती ना त्यांनी.

"अश्विनी, वर ये. हा मार्कर घे आणि त्या पेशीतल्या एकेका गुणसूत्रावर खूण करत मोज. मोठ्याने."

सर हसत होते, त्यांना हा काहीतरी खेळ वाटला. अश्विनी स्टेजवर आली. तिचा हात वरपर्यंत पोचेना, खुर्ची आणावी लागली. फ्लेक्स एवढा मोठा की एकेक गुणसूत्र हाताएवढं झालेलं, शेवटच्या ओळीतूनही दिसत होतं. चोरी इतकी मोठी करून भिंतीवर लावायची हौस त्यांचीच.

"एक. दोन. तीन." मुलं तिच्याबरोबर मोजायला लागली. दहापर्यंत आयाबायाही मोजत होत्या. "चौदा. पंधरा. सोळा." ती थांबली नाही. "सतरा." मुलांचा आवाज बारीक झाला. "अठरा. एकोणीस." आता एकटीच बोलत होती. "वीस."

"पुन्हा मोज," मी म्हटलं. पुन्हा वीस भरली.

सरांनी माईक ओढला. "हे... कधीकधी दाबताना तुकडे होतात. तांत्रिक बाब आहे."

"सर, तुकडे झाले तर टोकं तुटलेली दिसतात. इथे एकही तुटलेलं नाही. काही लांब आणि काही आखूड, अशी जोडीजोडीने आहेत. हा कांदा नाही." मी स्टेजवरून खाली उतरले, बाबांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि मातीसकट रानकांदा टेबलावर ठेवला. "हा आहे. रानकांदा. आमच्या पाथर्डीच्या माळावरचा." मग गेल्या आठवड्यात पुण्यात दुसऱ्या एका रानकांद्यापासून केलेली स्लाइड पडद्यावर लावली. मुलांना मोजायला सांगावं लागलं नाही, त्यांनी आपणहून मोजली. तीच वीस, तशीच लांब आणि आखूड.

"वाल्मिक सर," मी म्हटलं, "तुमच्या स्वयंपाकघरात रानकांदा काय करत होता?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सर माझ्याकडे बघत होते, आणि आता, बारा वर्षांनी, त्यांनी मला ओळखलं. ओळख त्यांच्या तोंडावर चढताना मी सावकाश बघितली. ती बघायलाच मी आले होते.

"तुम्ही मला विचारलं होतं, पेशीवर काय नाव लिहिलेलं असतं का," मी म्हटलं. "नाव नसतं, सर. आकडा असतो. पण तो मोजावा लागतो."

मग मी सगळं सांगितलं. कुलूप लावलेलं घर सांगितलं, बनुबाईंचं पोतं सांगितलं, खाजणारे हात सांगितले. माझं खोटंही सांगितलं, वहीत सोळा लिहिलेलं, सगळ्या मुलांसमोर आणि बाबांसमोर. ते बोलताना माझी मान खाली गेली, हेही खरं. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

सरांनी सावरायचा प्रयत्न केला. "हा संस्थेच्या बदनामीचा कट आहे. ही मुलगी तेव्हासुद्धा खोटारडी होती. तिने लेखी माफी मागितलीय, माझ्या फायलीत आहे!"

"पप्पा, पुरे," संस्कृती उभी राहिली. तिला माईकची गरज पडली नाही. "स्लाइड माझी नव्हती. माझा कांदा सडला होता, तुम्हाला माहीत होतं. हिची मी घेऊन आले, आणि तुम्ही म्हणालात, राहू दे."

ती रडत होती. बारा वर्षं उशिरा रडली, एवढंच मला वाटलं.

हॉलमध्ये एकच गलका झाला. मागे बसलेले एक निवृत्त कर्नल उठून पुढे आले, त्यांचा नातू त्या तुकडीत होता. "सर, मुलीकडून लेखी घेतलं होतंत ना? मग आता तुम्हीही लेखी द्या. आमची मुलं बघतायत." मागून दोघं-तिघं 'बरोबर आहे' म्हणाले. एक बाई पुढच्या वर्षीचा भरलेला अर्ज टेबलावरून परत उचलून घेत होती.

मी कागद पुढे ठेवला. पेन ठेवलं. "मजकूर मला पाठ आहे, मी सांगते. 'मी खोटे बोललो. दुसऱ्याच्या कष्टावर हक्क सांगितला.'"

सरांनी पेन उचललं नाही. तेव्हा दुसऱ्या ओळीतून बाबांचा आवाज आला. बसल्या जागेवरून, शांत.

"लिवा, सायेब."

सरांनी लिहिलं. चार ओळींना पाच मिनिटं लागली. खाली सही केली, लफ्फेदार, सवयीची. मी कागद घेऊन बाबांजवळ गेले.

"वाच," ते म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं.

"पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. त्यांनी कागद हातात घेतला, सहीवर बोट फिरवलं. मग माझ्याकडे मान वर केली. मला वाटलं, आता माझ्या खोट्याबद्दल बोलतील. ते फक्त म्हणाले, "यडे, कांदाच पायजे हुता तर मला सांगायचा हुता." आणि कागद मला परत दिला. "आंगठा न्हाई यावर."

"सही आहे ना बाबा. त्यांना लिहिता येतं."

"मला लिवता येत न्हवतं म्हनून माझा घेतला. ह्येंना लिवता येतंय, तरी तवा खोटंच लिवून घेतलं. आंगठाच घे."

शाईचं पॅड नव्हतं. पालकांना दाखवायला टेबलावर मांडलेल्या सकाळच्या साहित्यात रंगाची वाटी होती, मुळं बुडवायची, तळाशी अजून लाल रंग होता. मी ती उचलून सरांपुढे धरली. त्यांनी एकदा संस्कृतीकडे बघितलं, ती दुसरीकडे बघत होती. मग त्यांनी अंगठा बुडवला आणि सहीशेजारी टेकवला. लगेच खिशातून रुमाल काढून पुसायला लागले.

"साबणाने जात नाही, सर," मी म्हटलं. "चार-पाच दिवस राहतो."